जुन्या जीपचा कार्ब्युरेटर : अस्सल कीं पर्यायी ?

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें आणि लष्कराजवळ उरलेल्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या. पुढें त्याच विलिस जातीच्या गाड्या मुंबईच्या महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत तयार करण्यास आरंभ केला. त्यांपैकीं एखादी गाडी अमरावती-अकोल्याकडील ज्या कुटुंबांत अद्याप जपून ठेवलेली असेल, त्या कुटुंबाला एक प्रश्न केव्हांना केव्हां पडतोच. इंजिन अडखळूं लागतें, मिस्त्री बॉनेट उघडून पाहतो आणि म्हणतो, "भाऊसाहेब, कार्ब्युरेटर गेला. नवा टाकून देऊं कां ?" या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वीं कोणत्या गोष्टी पाहाव्या, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

कार्ब्युरेटरचें काम म्हटलें तर अगदीं साधें. आंत ओढल्या जाणाऱ्या हवेंत योग्य प्रमाणांत पेट्रोल मिसळावयाचें, एवढेंच. शुद्ध पेट्रोल पूर्णपणें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. हें प्रमाण सांभाळण्याची प्रत्येक कारागिराची रीत मात्र निराळी असते, आणि आपला सारा वाद त्या रीतीपुरताच आहे.

युद्धकाळांतील जीपवर अमेरिकेच्या कार्टर कंपनीचा 'डब्ल्यू-ओ' नांवाचा कार्ब्युरेटर असे. त्यांत मुख्य जेटच्या छिद्रांत एक निमुळती सळई लोंबत असते. एक्सलरेटर दाबला कीं सळई वर उचलली जाते, छिद्र मोकळें होतें आणि पेट्रोल अधिक येतें. सळई ठराविक उंचीवर बसवावी लागते व त्याकरितां खास मापपट्टी असते. ती मापपट्टी न वापरतां डोळ्यांच्या अंदाजानें सळई बसविणारे मिस्त्री पुष्कळ आणि मग "जुना माल, असाच चालणार" म्हणून दोष गाडीला देणारेहि तेच ! पुढील 'सी-जे ३ बी' जातीच्या उंच बॉनेटच्या जीपवर कार्टरचाच 'वाय-एफ' आला. त्यांत या सळईच्या जोडीला एक लवचिक पडदाहि असतो.

पर्याय म्हणून आपल्याकडे बहुधा सोलेक्स बसवितात. हें घराणें मूळचें फ्रेंच. सोलेक्समध्यें हलती सळई नाहीं. ठराविक छिद्रांचे जेट असतात व ते काढून लहानमोठे बसवितां येतात. म्हणून साध्या हत्यारांनीं काम करणाऱ्या मिस्त्रीच्या हातीं सोलेक्स लवकर वठणीवर येतो. माझ्या मतें हा प्रामाणिक पर्याय आहे, कारण तो आपण कार्टर असल्याचें सोंग आणीत नाहीं. खरी भीति आहे ती तिसऱ्या प्रकाराची, म्हणजे कार्टरच्या हुबेहूब नकलेची. बाजारांत 'ओरिजिनल' हा शब्द फार स्वस्त झालेला आहे. बाह्य आकृति तंतोतंत असते. पण आंतील छिद्रांचीं मापें आणि सुईची बैठक यांची खात्री कोण देणार? सुई नीट बसली नाहीं कीं पेट्रोल कांठोकांठ भरून बाहेर सांडतें. युद्धकाळच्या इंजिनांत कार्ब्युरेटरच्या खालींच तापलेलें मॅनिफोल्ड असतें, तेव्हां हा प्रश्न पैशांचा राहात नाहीं, गाडीला आग लागण्याचा होतो.

आतां अस्सल भागाची परीक्षा. एक्सलरेटरनें फिरणारा जो आडवा दांडा असतो, तो बोटांनीं वरखालीं हालवून पाहावा. खडखडला, तर भोंवतालचें छिद्र झिजलें असें समजावें. तेथून फाजील हवा आंत शिरते आणि मग कितीहि स्क्रू पिळले तरी गाडी संथ चालींत स्थिर राहात नाहीं. दांडा घट्ट असेल, वरचें झांकण वांकलेलें नसेल, तर नवीन गॅस्केटें, नवी सुई आणि पंपाची नवी वाटी घालून तो कार्ब्युरेटर पुन्हां अनेक वर्षें काम देतो. अशा वेळीं त्याला बाजूस सारणें हा निव्वळ उतावळेपणा होय. छिद्र झिजलें असेल तर चांगल्या लेथवर बुश बसवून घेतां येतो. तें काम नीट जमणारा कारागीर जवळपास नसेल, तर मात्र सोलेक्स पत्करावा. पण हें सारें करण्याआधीं प्लग, पॉइंट आणि टाकींतील गंज तपासून घ्या. कार्ब्युरेटरच्या माथीं मारलेले पुष्कळ गुन्हे वस्तुतः या मंडळींचे असतात.

सोलेक्स बसवितांना वऱ्हाडांत एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. जीपचा हवा गाळणारा तेलाचा डबा कार्ब्युरेटरपासून दूर असतो व नळीनें जोडलेला असतो. सोलेक्सचें तोंड निराळ्या मापाचें असल्यामुळें ती नळी सैल बसते, किंवा मिस्त्री ती सरळ काढूनच टाकतो. आपल्या काळ्या मातीची उन्हाळ्यांतील धूळ किती बारीक असते, हें शेताच्या वाटेनें जाणाऱ्यास सांगावयास नको. ती धूळ सिलिंडरांत गेली कीं पिस्टनच्या रिंगा झिजतात. योग्य मापाचा जोड मिळाल्याशिवाय गाडी बाहेर काढूं नये.

चढणीची गोष्ट निराळी. परतवाड्याहून चिखलदऱ्यास चढतांना आपण समुद्रसपाटीपासून सुमारें अकराशें मीटर उंचीपर्यंत जातों, आणि अमरावतीच्या मानानें तेथें हवेचा दाब सुमारें आठ टक्क्यांनीं कमी असतो. त्यामुळें मिश्रण किंचित् दाट होतें. उलट, आजचें पेट्रोल मिश्रण पातळ करतें. २०२५ पासून देशांत सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें, आणि त्याला वजनाच्या सुमारें साडेतेरा पटच हवा पुरते. जुन्या मापाचा जेट मात्र पूर्वींइतकेंच पेट्रोल सोडतो. परिणाम असा, कीं सपाटीवर इंजिन अधिक तापतें आणि ओढ कमी होते. सोलेक्सचा मुख्य जेट एक माप मोठा घालून हें सुधारतां येतें. कार्टरमध्यें जाणत्या माणसाकडून सळई व जेट यांची जोडी बदलून घ्यावी लागते. आणि कार्ब्युरेटर कोणताहि असो, इथेनॉलनें जुनें रबर फुगतें व वाय-एफचा जुना पडदाहि बिघडतो. म्हणून नव्या पेट्रोलास टिकतील असेच भाग मागून घ्यावे.

ज्यांना गाडी प्राचीन वाहन म्हणून नोंदवावयाची आहे, त्यांनीं २०२१ सालचा केंद्रीय नियम लक्षांत घ्यावा. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली आणि सांगाडा, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच त्या नोंदणीस पात्र ठरते. म्हणून सोलेक्स बसविला तरी जुना कार्टर भंगारवाल्यास देऊं नका. तो धुऊन, वाळवून, तेलाच्या फडक्यांत गुंडाळून, त्याच्या सळया व स्क्रू यांसह एका डब्यांत ठेवा.

आणि पावसाळ्यांत गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरच्या डबींतील पेट्रोल काढून टाका. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें, आणि त्या पाण्यानें जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी बुरशीसारखी पूड चढते. ती जेटमध्यें अडकली, कीं दसऱ्याला पूजेसाठीं गाडी बाहेर काढतांना ढकलावी लागते.