कर्तव्यापलीकडचे पुण्य

कर्तव्य केले, त्यात विशेष ते काय? पण त्याहून अधिक केले तर ते पुण्य कोणाच्या खाती जमा व्हावे? ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न शतकानुशतके गाजला. गंमत अशी की, वादाची दोन्ही टोके लूकच्या एकाच शुभवर्तमानात सापडतात.

दहाव्या अध्यायातील शोमरोनी जखमी वाटसरूला उतारशाळेत ठेवतो आणि जास्त खर्च आल्यास परतताना देईन म्हणतो. या जास्तीच्या खर्चाला लॅटिन बायबलात जो शब्द आहे, त्यावरूनच कर्तव्याधिक सत्कृत्यांना नाव मिळाले. १३४३ मध्ये पोप सहावे क्लेमेंट यांनी ख्रिस्ताच्या व संतांच्या पुण्याचा साठा चर्चच्या स्वाधीन असल्याचे जाहीर केले. त्या साठ्यातून मिळणारी पापदंडाची सूट पुढे पैशाने मिळू लागली, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आवाज उठविला. इंग्लंडच्या चर्चने १५७१ च्या आपल्या चौदाव्या कलमात असे शिलकी पुण्य सांगणे हा उद्दामपणाच ठरविला. आधार पुन्हा लूकचाच, सतराव्या अध्यायाचा: सारे हुकूम पाळले तरी दासाने मिरवावे असे काही उरत नाही.

कॅथॉलिक म्हणतात, पुण्य आहे. पण तेही ईश्वरी कृपेचेच फळ. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे कॅथॉलिक व ल्यूथरपंथीयांनी तारण कृपेनेच होते, या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या.

त्या शोमरोन्यानेही हिशेब ठेवला होता. पण तो उतारशाळेच्या देण्याचा, आपल्या पुण्याचा नव्हे!