दान नव्हे, देणे

कारखाना बंद पडला की कामगाराच्या हातावर एक पाकीट ठेवतात. त्यावर लिहिलेले असते, ‘सानुग्रह मदत’. संघटनेच्या कामात आम्ही अशा वेळी एकच प्रश्न विचारीत आलो : ही रक्कम देणे म्हणून की दान म्हणून? देणे असेल तर मालकाने जबाबदारी पत्करली. दान असेल तर घेणाराच मिंधा झाला. आजचा विषय दूरचा आणि फार जड आहे; परंतु त्याचे मर्म याच प्रश्नात आहे.

जपानी सैन्याने १९३२ पासून १९४५ पर्यंत आपल्या सैनिकांसाठी हजारो स्त्रिया कोंडून ठेवल्या. या जागांना नाव दिले ‘सांत्वनगृहे’! कोरिया, चीन, फिलिपाईन्स, इंडोनेशिया येथील मुली नोकरीच्या थापा देऊन किंवा उघड बळजबरीने नेल्या. मार्च १९४२ मध्ये अंदमान जपानच्या ताब्यात गेले. तेथेही अशी घरे होती.

युद्ध संपले. टोकियोत १९४६ ते १९४८ युद्धगुन्हेगारांवर खटला चालला. पण या गुलामगिरीचा स्वतंत्र आरोप कोणावर ठेवला गेला नाही. आपल्या देशानेही १९५२ च्या तहात जपानकडून भरपाई मागण्याचा हक्क सोडला. राष्ट्रांचे हिशेब मिटले. या बायकांचा हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

तो मांडला किम हाक-सुन या कोरियन वृद्धेने. १४ ऑगस्ट १९९१ रोजी तिने स्वतःच्या नावानिशी सारी हकीकत जाहीर सांगितली. १९९३ साली जपान सरकारने सैन्याचा हात मान्य करून क्षमा मागितली. १९९५ साली एक निधी निघाला. प्रायश्चित्ताची रक्कम लोकवर्गणीची, औषधोपचाराचा पैसा सरकारचा, सोबत पंतप्रधानांचे क्षमापत्र. काही जणींनी तो घेतला. त्यांना आम्ही बोल लावणार नाही. पण अनेकींनी नाकारला. कायद्याने आम्ही जबाबदार आहोत, एवढे एक वाक्य त्यात नव्हते.

त्याच वर्षी ओसाकाच्या शिक्षकांच्या एका संघटनेने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपुढे नेला. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा १९३० चा करार जपानने १९३२ सालीच स्वीकारला होता. १९९६ साली तेथील तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितले की, ही लैंगिक गुलामगिरी होती व तिने कराराचा भंग झाला. भरपाई देवविण्याचा अधिकार मात्र समितीला नव्हता. अशा अत्याचाराला ‘मजुरी’ कसे म्हणावे, असे कोणी विचारील. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याकडून घेतले जाते ती वेठच. शाहू महाराजांनी १९२० साली वेठबिगार बंद केली. त्यांच्या कोल्हापुरास हे अधिक सांगावयास नको.

डिसेंबर २०१५ मध्ये जपान व दक्षिण कोरिया यांनी करार केला. जपानने सरकारी तिजोरीतून शंभर कोटी येन देऊ केले आणि प्रश्न कायमचा मिटला असे जाहीर झाले. पण ज्यांचा प्रश्न, त्यांनाच नीट विचारले नव्हते. कामगारांना न विचारता पुढाऱ्याने सही केलेला करार किती टिकतो, हे आम्ही जाणतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने जपानने भरपाई द्यावी असा निकाल दिला. परक्या देशाच्या न्यायालयाचा अधिकार जपानने मानला नाही.

जपानकडे बोट दाखविताना आपलेही घर पाहावे. आपल्या शेजारच्या गांधीनगरात वसलेल्या सिंधी कुटुंबांनी फाळणी भोगली. त्या फाळणीत पळविलेल्या स्त्रियांना परत पोहोचविण्यासाठी आपण १९४९ साली कायदा केला. हेतू चांगला होता. परंतु ‘बाई, तुला जायचे आहे का?’ या प्रश्नाला त्यात जागा नव्हती. नको म्हणणारीलाही नेता येत असे.

त्या कोरियन वृद्धांपैकी आता मोजक्याच हयात आहेत. आपल्या हातून त्यांना काही देवविता येईल असे नाही. पण उद्या आपल्याच पेठेत एखाद्या स्त्रीवरील अत्याचाराचे प्रकरण चार प्रतिष्ठित माणसे पैशावर मिटवू लागली, तर दोन प्रश्न उठून विचारावेत. ही रक्कम कोणत्या खात्यावर? आणि तिला विचारले आहे काय?