मोटारीच्या दर्शनी दिव्यांची दुरुस्ती आणि बदल : खेड परिसरातील रात्रीच्या वाहतुकीच्या संदर्भात

प्रस्तावना :

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६) पोलादपूर सोडल्यावर कशेडी घाट चढतो आणि घाट उतरताना रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात प्रवेश करतो. भरणे नाका, जगबुडी नदीवरील पूल, भोस्ते घाट आणि लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांची वसाहत ही या तालुक्यातील महामार्गाची ठळक ठाणी होत. कशेडी घाटाला पर्याय म्हणून खोदलेल्या जुळ्या बोगद्यांतून २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वाहतूक सुरू झाली. तथापि दापोलीकडे अथवा रघुवीर घाटाकडे जाणारे तालुक्यातील अंतर्गत रस्ते अरुंद, वळणांचे आणि दिव्यांवाचूनचेच आहेत. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, घाटमाथ्यावरील धुके आणि टँकरची अहोरात्र ये-जा यांमुळे येथील रात्रीचा प्रवास वाहनाच्या स्वतःच्या दिव्यावरच अवलंबून राहतो. १९ मार्च २०१३ रोजी पहाटे जगबुडीच्या पुलावरून खासगी आरामबस नदीत कोसळून ३७ जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा दिव्यांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र या मार्गावर अंधारातील एका क्षणाची किंमत किती असू शकते, हे तिने दाखवून दिले.

अशा परिस्थितीत कंपनीने दिलेला दिवा अपुरा वाटून वाहनधारक बाजारातील अधिक प्रखर दिव्यांकडे वळल्यास नवल नाही. हा बदल नेमका काय साधतो, कोठे फसतो आणि मूळ दिवा दुरुस्त करून काय साधता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दिवा हे एक प्रकाशीय यंत्र :

बोलण्याच्या ओघात बल्बलाच दिवा म्हटले जाते आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. मोटारीचा दर्शनी दिवा म्हणजे प्रकाशाचा उगम, परावर्तक आणि काच या तिन्हींचे मिळून बनलेले एक यंत्र होय. यांपैकी उगमाची जागा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने जरी सरकली, तरी रस्त्यावर पडणाऱ्या झोताची घडण बदलते.

आपल्याकडे दीर्घकाळ सर्वाधिक वापरात असलेला एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात दोन तारा असतात. बारा व्होल्टच्या बल्बमध्ये वरच्या झोताची, म्हणजे अप्परची, तार ६० वॅटची आणि खालच्या झोताची, म्हणजे डिपरची, ५५ वॅटची असते. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक लहानशी वाटी बसवलेली असते. परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडू न देणे हे तिचे काम. तो पडला, तर परावर्तित होऊन वर, समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जाईल. डिपरच्या झोताला वरच्या बाजूने जी स्पष्ट कड दिसते ती या वाटीमुळे. वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने ही कड डावीकडे किंचित वर चढवलेली असते, जेणेकरून रस्त्याच्या डाव्या कडेचा पादचारी दिसावा आणि उजवीकडून येणारा चालक दिपू नये.

परदेशातून आलेले आकर्षक दिवासंच बसवताना याच गोष्टीकडे दुर्लक्ष होते. उजवीकडून वाहने चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या संचात कडेची चढण उजवीकडे असते. असा संच येथे बसवल्यास त्यातील प्रकाशाचा सर्वांत तीव्र भाग थेट समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडतो. बल्ब कितीही बदलले, तरी हा दोष जात नाही. कारण तो परावर्तकाच्या अथवा काचेच्या घडणीतच असतो.

अधिक वॅटचा मोह :

सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे ६०/५५ ऐवजी १००/९० वॅटचा बल्ब. प्रमाणित एच-४ वर्गात असा बल्ब बसत नाही, तरीही तो दुकानांतून सर्रास विकला गेला. दोन्ही दिव्यांचे अप्पर मिळून मूळ बल्ब सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात; १०० वॅटचे बल्ब सुमारे १५ अँपिअर घेतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तीच वायर पावणेतीन पटींहून अधिक तापते. होल्डरचे प्लॅस्टिक वितळणे, स्विचचे संपर्क जळणे, परावर्तकाचा मुलामा काळवंडणे हे त्याचे नेहमीचे परिणाम होत.

वास्तविक, मूळ बल्ब मंद वाटण्याचे कारण पुष्कळदा बल्बमध्ये नसून वायरिंगमध्ये असते. अनेक जुन्या मोटारींत दिव्यांचा संपूर्ण प्रवाह बारीक वायरमधून आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. त्यात कोकणातील दमट हवेने गंजलेली अर्थिंगची जोडणी भर घालते. बॅटरीजवळ पुरेसा दाब असूनही तो बल्बपर्यंत पोहोचत नाही. तापलेल्या तारेचा प्रकाश दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो, म्हणजे १३.२ व्होल्टऐवजी १२ व्होल्ट मिळाले, तर दाब नऊ टक्क्यांनी घटतो, पण प्रकाश सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो. मल्टिमीटरने दिवा चालू असताना होल्डरवरील दाब मोजला, की ही चोरी उघड होते. उपायही साधा आहे : बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर आणायची, मध्ये रिले बसवायचा, जुन्या स्विचकडे केवळ रिले चालवण्याचे काम ठेवायचे आणि अर्थिंगची जागा घासून चकचकीत करायची. एकही वॅट न वाढवता दिवा उजळतो. कोणताही जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम करतो; पण त्याची जाहिरात कोणी करीत नाही, हे खरे.

झेनॉन आणि एलईडी :

कारखान्यातूनच झेनॉन दिवे घेऊन आलेल्या मोटारीत प्रकाश प्रोजेक्टरमधून अथवा त्यासाठीच घडवलेल्या परावर्तकातून येतो. ३५ वॅटचा झेनॉन दिवा हॅलोजनच्या दुपटीहून अधिक प्रकाश देतो. तो पेटवण्यासाठी वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि पूर्ण तेजाला येण्यास काही सेकंद जातात. प्रश्न उद्भवतो तो हाच दिवा हॅलोजनच्या घरात बसवला असता. विद्युत्‌कमानीचा आकार आणि जागा तारेसारखी नसते. त्यामुळे झोताची कड विरघळते आणि दुप्पट प्रकाश हवा तेथे न पडता चहूकडे उधळला जातो.

एलईडीच्या बाबतीत विवेचन थोडे वेगळे आहे. पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप बसवून तारेची नक्कल केलेली असते. नक्कल चांगली असल्यास कड बऱ्यापैकी टिकते; परंतु तार सर्व दिशांना प्रकाश देते, चिप देत नाही. शिवाय बहुतेक स्वस्त एलईडी वाहनाच्या पुढील दहा-पंधरा मीटर रस्ता अतिशय उजळ करतात. चालक सुखावतो. मात्र जवळच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्याला दूरचा अंधार अधिकच गडद भासतो, आणि धोका तर दूरच असतो. अधिक प्रकाश दिसणे आणि अधिक दूरचे दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एलईडीची उष्णता पुढे झोतातून न जाता बुडाशी साठते. म्हणून मागे पंखा अथवा धातूची पाखे असतात. ती मावत नाहीत म्हणून दिव्यामागचे रबरी झाकण कापले अथवा काढूनच टाकले जाते. कोरड्या प्रदेशात हे खपून जाईल. खेडच्या आषाढात मात्र त्या उघड्या भोकातून शिरलेली वाफ आठवड्याभरात परावर्तकावर बसते.

पाणी, पिवळेपणा आणि मोडलेले कान :

दुरुस्तीच्या कामांत पाण्याचा प्रश्न येथे अग्रक्रमाने येतो. दिव्याचे घर पूर्णतः हवाबंद नसते. तापल्यावर हवा बाहेर जाण्यासाठी आणि निवल्यावर आत येण्यासाठी त्याला श्वसनमार्ग ठेवलेले असतात. थंडीत काचेच्या आत क्षणभर धुरकट थर दिसून दिवा तापल्यावर तो गेला, तर तो दोष नव्हे. थेंब साचून राहिले, तर झाकण, श्वसनमार्ग किंवा काचेभोवतीचा सांधा यांपैकी काहीतरी बिघडले असे समजावे. अशा वेळी तळाला भोक पाडून पाणी काढण्याचा रिवाज आहे. पाणी निघते खरे; पण त्याच भोकातून धूळ आणि वाफ कायमची आत येते. परावर्तकावरील ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की तो एकदा डागाळला तर कापडाने पुसूनही सुधारत नाही, उलट पुसण्यानेच निघून जातो. योग्य रीत म्हणजे घर काढून गरम हवेने सांध्यातील ब्युटाइलचा चिकट पदार्थ मऊ करणे, काच अलग करून आतील भाग वाळवणे, जुना पदार्थ खरवडून नवा भरणे. बाजारातील स्वस्त संचांत हा सांधाच कच्चा असतो, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात त्यांची परीक्षा होते.

दुसरा दोष पिवळेपणाचा. आजची ‘काच’ ही बहुधा पॉलिकार्बोनेट असते. सूर्यातील अतिनील किरणांपासून तिला जपणारा वरचा थर झिजला, की ती पिवळी आणि दुधी होते. बल्ब नवा, वायरिंग उत्तम, तरीही उजेड नाही, अशी तक्रार असल्यास प्रथम काच पाहावी. ८०० पासून २००० किंवा ३००० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासल्यास ती पुन्हा पारदर्शक होते. परंतु घासण्याने उरलासुरला संरक्षक थरही जातो. अतिनीलरोधक लॅकर न मारल्यास काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. टूथपेस्ट चोळण्याच्या घरगुती उपायाची कथा एवढीच आहे.

बसवण्याचे मोडलेले कान जोडताना ते मूळ जागीच बसले पाहिजेत. एक कान अर्धा सेंटिमीटर वर जोडला, तर पुढील सर्व मेहनत व्यर्थ जाते. याचे कारण पुढील गणितात आहे.

झोताचा कल :

सामान्यतः डिपरच्या झोताची कड दर दहा मीटरला सुमारे दहा सेंटिमीटर, म्हणजे एक टक्का, खाली उतरत जावी असे मानले जाते. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असल्यास ही कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला १६.७ मीटर कापते. चालकाला भान येण्यास दीड सेकंद आणि ओल्या रस्त्यावरील ब्रेकची ताकद दर सेकंदाला सेकंदी ४ मीटर धरल्यास थांबण्यास सुमारे ६० मीटर लागतात. म्हणजे डिपरवर साठचा वेग जेमतेम भागतो. ऐंशीच्या वेगाला हेच अंतर ९५ मीटर होते. दिसणाऱ्या रस्त्यापेक्षा थांबण्याचा रस्ता ३० मीटरने लांब! कोणताही बल्ब हे गणित बदलत नाही, कारण अंतर ठरते ते झोताच्या कलाने. आणि कल वर केला, की समोरचा आंधळा होतो.

गणेशोत्सवाच्या आदल्या रात्री मुंबईहून येणाऱ्या गाड्यांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मागे तिघे-चौघे, डिकीत सामान, टपावर बोचकी. अडीच मीटर चाकांतर असलेल्या गाडीचा मागचा भाग केवळ पाच सेंटिमीटर दबला, तर नाक दोन टक्क्यांनी वर उचलले जाते. एक टक्का खाली असलेला झोत एक टक्का वर जातो. त्या चालकाने नियमाप्रमाणे डिपरच लावलेला असतो. समोरचा मात्र रागाने अप्पर मारतो. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची जी चकती अनेक गाड्यांत असते, ती याचसाठी दिलेली आहे. बहुसंख्य चालकांनी ती कधी फिरवलेली नसते.

पाऊस आणि धुके :

कोरडा डांबरी रस्ता खडबडीत असल्याने प्रकाशाचा काही भाग चालकाकडे परत येतो. ओला रस्ता आरशासारखा वागतो. झोत पुढेच निसटतो, स्वतःला काळोख आणि समोरच्याला दुहेरी झळाळी. पावसात दिवे ‘मेले’ असे वाटण्याचे कारण हे आहे, आणि म्हणूनच पावसासाठी दिव्याची ताकद वाढवण्याचा फायदा अल्प, तोटा मोठा. धुक्याबाबत पिवळा प्रकाश अधिक भेदक असतो, ही समजूत दृढ आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्याने डोळ्याला होणारा त्रास कमी असतो, निळसर पांढऱ्याने वाढतो, इतकेच म्हणता येईल. धुक्यात खरा उपयोग होतो तो दिवा खाली बसवण्याचा आणि झोत रुंद, पण वरून कापलेला असण्याचा.

कायद्याची बाजू :

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ तर थेट मापच देतो : दिव्यापासून ८ मीटरवर, वाहनाच्या उजव्या कडेपासून किमान अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती दिपता कामा नये. नियम चांगला आहे. तो तपासला जाण्याची सोय मात्र विषम आहे. ‘एमएच ०८’ मालिकेतील ट्रक आणि प्रवासी वाहने ठरावीक मुदतीने योग्यता तपासणीला जातात. खासगी मोटारीची अशी तपासणी पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत होत नाही, आणि हौसेचे दिवे प्रामुख्याने याच मोटारींवर दिसतात.

कलाची तपासणी मात्र घरच्या घरी शक्य आहे. टायरमधील हवा योग्य ठेवून, चालकाच्या जागी एक माणूस बसवून, मोटार सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. भिंतीवर बल्बच्या मध्याच्या उंचीला खडूने आडवी रेघ मारावी आणि तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. डिपरची कड दुसऱ्या रेघेवर येईपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवावा. खेडसारख्या गावात दहा मीटर सपाट जमीन शोधणे हाच यातील अवघड भाग. महाविद्यालयांच्या आवारात ती बहुधा मिळते, आणि पदार्थविज्ञान विभागाला गणपतीच्या आधी एका संध्याकाळी परिसरातील गाड्यांसाठी टेप आणि खडू घेऊन उभे राहता येते.