डिझेलची गाडी कोणास परवडते?

सुतारकाम, नळकाम अथवा विजेचें काम करणारा कारागीर हत्यारें नेण्याकरितां बंदिस्त मोटार घेऊं लागला, म्हणजे “डिझेलचीच घ्या, तेल कमी खाते” असा सल्ला त्यास हटकून मिळतो. आमच्या मतें हा सल्ला अर्धाच खरा आहे.

रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन एंजिनिअरानें इ. स. १८९७ मध्यें ऑग्सबर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. त्यांत ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांत हवाच इतकी दाबली जाते कीं, ती तापून तींत सोडलेलें तेल आपोआप पेट घेतें. ह्या जबर दाबामुळें उष्णतेचा अधिक भाग कामीं लागतो व वायां कमी जातो.

आतां हिशेब पाहूं. समजा, पेट्रोलची गाडी लिटरमागें १५ किलोमीटर चालते व डिझेलची २०. रोज ६० किलोमीटर फिरणाऱ्याचें वर्षाच्या ३०० दिवसांत ३०० लिटर तेल वांचेल. १५ किलोमीटर फिरणाऱ्याचें अवघें ७५. मग गाडीची चढी किंमत व कर्जाचें व्याज त्यानें कोठून भरून काढावें? म्हणून आधीं महिनाभर आपल्या फेऱ्या वहींत टिपाव्या.

शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांमुळें नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. सांचलेली काजळी जळून जाण्यास एंजिन बराच वेळ सलग तापलेलें असावें लागतें. गल्लीबोळांतील दहा मिनिटांच्या फेऱ्यांनीं ती तुंबते.

आणि जाहिरातींतील आंकडा? तो चांचणींतला. टपावर शिडी बांधली कीं वाऱ्याचा अडथळा वाढतो व तो आंकडा घसरतो.