राजा, प्रधान आणि बुलढाण्याचे तेरा तालुके

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याच्या एका संचात १२० पाने असतात. सगळी गोल, तळहातावर मावतील एवढी आणि हाताने रंगवलेली. विष्णूचे दहा अवतार हे या खेळातले दहा रंग. प्रत्येक रंगाची बारा पाने: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. राजाच्या पानावर अवतार स्वतः विराजमान असतो. एक्का ते दश्शीवर त्याची फक्त खूण येते. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वराहाला शंख, परशुरामाला परशू, कल्कीला तलवार. चित्रकला, पुराण आणि डावपेच एवढ्या लहान वर्तुळात एकत्र नांदवणारी दुसरी वस्तू महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

हा खेळ तिघांनी खेळायचा. प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम नाही, त्यामुळे नशिबावर फार विसंबता येत नाही. कोणते पान पडून गेले आणि कोणते अजून हातात दडले आहे, हे ज्याच्या ध्यानात राहते तो जिंकतो. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. निम्म्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. नवख्या माणसाची इथेच तारांबळ उडते.

हिंदुस्थानात गंजिफ्याचा पहिला लेखी उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली त्याने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफ्याची पाने भेट पाठवली होती. पुढे अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या बारा रंगी, १४४ पानी गंजिफ्याचे वर्णन केले. मुघलांचा रूढ संच मात्र आठ रंगांचा, ९६ पानांचा. त्यात ताज, शमशेर, गुलाम, चंग अशी नावे होती. हा खेळ देशभर पसरला तसा ठिकठिकाणच्या चितारींनी त्याला आपल्या मातीत रुजवले. ओडिशात तो गंजपा झाला, बंगालमध्ये विष्णुपूरला त्याने वेगळे रूप घेतले, म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी तर अठरा रंगांचे अवाढव्य संच रचले. सावंतवाडीच्या दरबारात तो तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, तेलंगणातून आलेल्या विद्वानांबरोबर आला असे सांगतात. तिथल्या चितारी कुटुंबांनी तो उचलला. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली चितार आळी त्यांच्याच नावाची.

पान तयार करण्याची जुनी रीत वेळखाऊ आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, वर खडूचा लेप द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. मग गोल कापून रंगाची जमीन द्यायची. बारीक कुंचल्याने खुणा, मग देवाचा चेहरा, दागिने, कडेची नक्षी. शेवटी लाखेचा हात. लाखेमुळे पान टिकते आणि बोटांतून सहज सरकते. दरबारासाठी केलेले काम दरबारी कलमाचे, बाजारासाठी केलेले बाजारी कलमाचे. दरबारी पानात अवताराभोवती सगळा परिवार येतो, बाजारी पानात चार झपाझप फटकाऱ्यांत देव उभा राहतो. दोन्हींना आपापले सौंदर्य आहे. बाजारी कलमाचा चितारी किती थोड्यात किती सांगतो, हे मला दरबारी नक्षीइतकेच मोलाचे वाटते.

गंजिफा घडवणाऱ्याची खरी परीक्षा दश्शीवर होते. एक मासा कुणीही काढेल. त्या लहानशा वर्तुळात दहा मासे असे बसवायचे की गर्दी वाटू नये, आणि हातात पाने पसरून धरली असता नुसती कड दिसली तरी खेळणाऱ्याला रंग ओळखता यावा. म्हणून प्रत्येक रंगाची जमीन वेगळी ठेवतात. शंख आणि कमंडलू लांबून सारखे भासू नयेत म्हणून त्यांची ठेवण आणि रेषा वेगळ्या करतात. पाठ मात्र सगळ्या पानांची अगदी एकसारखी, बहुधा एकरंगी. पाठीवर जरासा डाग पडला तर ते पान ओळखू येते आणि खेळ बिघडतो. चितारीला पुढच्या बाजूला सगळे स्वातंत्र्य, मागच्या बाजूला अजिबात नाही.

छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि हाताने रंगवलेल्या संचांचे गिऱ्हाईक आटले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला सावंतवाडीत जवळजवळ संपली होती. मुंबईत राहणारे जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांच्यासारखे संग्राहक जुने संच गोळा करून त्यांचा अभ्यास करत होते, पण नवे संच घडणे थांबत आले होते. त्या वेळी राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही विद्या शिकून घेतली. राजघराण्याने कारागिरापुढे शिष्य म्हणून बसावे, ही घटना मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी वाटते. १९७१ मध्ये त्यांनी राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू केले आणि तरुण मुलामुलींच्या हाती कुंचला दिला. मोती तलावाकाठच्या त्या राजवाड्यात आजही पाहुण्यांसमोर पाने रंगवली जातात. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पत्त्याच्या आकाराच्या चित्राचे वेड सातासमुद्रापारही आहे, फक्त तिथे देवांच्या जागी खेळाडू असतात. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रे निघत. १९०९ ते १९११ च्या अशाच एका मालिकेतले होनस वॅग्नरचे कार्ड आज दंतकथा झाले आहे. १९५१ च्या अखेरीस साय बर्गर आणि वुडी गेलमन या दोघांनी ब्रुकलिनमधल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर पुठ्ठा आणि कात्री घेऊन टॉप्स कंपनीची १९५२ ची मालिका आखली. पुढे खेळाडूचे रंगीत चित्र, संघाचे चिन्ह आणि सही. मागे त्याची कामगिरी आकड्यांत. त्या मालिकेतले न खपलेले खोके १९६० मध्ये चक्क अटलांटिक समुद्रात बुडवले गेले. त्याच मालिकेतले मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले.

या किमतींपेक्षा मला तिथल्या हौशी मंडळींची दुसरी सवय भावते. कंपनीने ज्याचे कार्ड कधी काढलेच नाही, अशा खेळाडूचे कार्ड ते स्वतः आखतात. कुणी विस्मरणात गेलेल्या खेळाडूचे, कुणी गावच्या संघाचे, कुणी आपल्या लेकीचे. जुन्या मालिकेची चौकट, अक्षरवळण आणि रंगसंगती अभ्यासून त्याच शिस्तीत नवे चित्र बसवायचे, यातच त्यांचा आनंद असतो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात शाळकरी मुलांच्या खिशात पहिलवानांची ट्रम्प कार्डे असत. उंची, वजन, छाती या आकड्यांवर मधल्या सुट्टीत लढती रंगत. मुलांना ते सारे तोंडपाठ असे. कार्डावरचे ज्ञान असे खेळता खेळता पाठ होते.

सावंतवाडी आणि ब्रुकलिन यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि स्वतः कार्ड करू पाहणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा. खेळायच्या पानाची पाठ मुकी हवी. जमवायच्या कार्डाची पाठ बोलकी हवी. दोन्ही एकाच कार्डात साधत नाही. म्हणून कागद हाती घेण्यापूर्वी ठरवावे: हे खेळण्यासाठी की जमवण्यासाठी?

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे वळू. आपले तालुके तेरा आणि पत्त्यांच्या एका रंगातली पानेही तेरा. चार रंग घेतले की पुरते बावन्न. असा सुरेख हिशेब जुळत असताना आपला स्वतःचा संच आपण का करू नये? रंग असे घ्यावेत: पाणी, वास्तू, पीक आणि जीव. प्रत्येक तालुक्याला प्रत्येक रंगाचे एक पान.

पाण्याचा राजा निर्विवादपणे लोणार. बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे खाऱ्या पाण्याचे विवर २०२० मध्ये रामसर यादीत गेले आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले होते. त्याच रंगात मोताळ्याचे नळगंगा धरण येईल आणि सिंदखेडराजाचा मोती तलावही. सावंतवाडीच्या तलावाचे नावही हेच! वास्तूत सिंदखेडराजाला लखुजी जाधवांची समाधी, मेहकरला कंचनीचा महाल, लोणारला दैत्यसूदन मंदिर, शेगावला गजानन महाराजांचे मंदिर. पिकांत पांढरे सोने कपाशी आणि सोयाबीन. जिवांत संग्रामपूरच्या अंबाबरवा अभयारण्यातले प्राणी आहेतच, आणि बुलढाण्याच्या पानावर तो फिरस्ता वाघ हवा, जो २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघून सुमारे तीन हजार किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला.

अडचण येईल ती खुणांची, आणि खरी मजाही तिथेच आहे. कपाशीचे बोंड आणि खामगावच्या बाजारपेठेतले चांदीचे नाणे, दोन्ही पांढरी, दोन्ही गोलसर. लहान आकारात ती सारखीच दिसतील. मग बोंडाला खालची फुटलेली पाकळी द्यावी, नाण्याला काठाची रेघ द्यावी आणि जमिनी वेगळ्या ठेवाव्यात. गंजिफ्याच्या चितारीने शंख आणि कमंडलूच्या बाबतीत केले तेच हे. नियमाच्या चौकटीत राहून वेगळेपण शोधणे ही रेखाटनाची पहिली शिकवण, आणि ती शाळेतल्या पोराला पुस्तकापेक्षा अशा पानातून लवकर समजते.

सामग्री किरकोळ लागते. कार्डाचे नेहमीचे माप अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच. ए-फोर आकाराच्या एका जाड कागदावर अशी नऊ पाने बसतात. सहा कागदांत चोपन्न, म्हणजे बावन्न पाने आणि दोन जोकर. आधी पेन्सिलीने खुणा पक्क्या कराव्यात, मग पोस्टर कलरने जमीन आणि वाळल्यावर बारीक कुंचल्याने रेषा. पाठ सगळ्यांची एकाच रंगाची, एकाच बैठकीत रंगवलेली, म्हणजे छटा बदलत नाही. कापण्याचे काम धारदार पात्याने आणि लोखंडी पट्टीने मोठ्या माणसाने करावे. जमवण्याचा संच करायचा असेल तर पाठीवर माहिती लिहावी, पण ती तपासून. लोणारच्या कार्डावर व्यास चुकला तर तो शंभर पोरांच्या डोक्यात चुकीचाच राहील.

देवादिकांची चित्रे काढताना आदर राखावा आणि कोणत्या गावाला कोणते पान द्यायचे यावर भांडणे होऊ देऊ नयेत. सगळ्यांना राजा होता येत नाही, पण चार रंगांचे चार राजे चार वेगळ्या तालुक्यांना देता येतात.

एका वृद्ध कारागिराकडून शिकणारे कुणीतरी पुढे आले म्हणून सावंतवाडीचा गंजिफा वाचला. आपल्याकडे कुणा कारागिराला शोधत जायचीही गरज नाही. जिल्हा समोर आहे, आणि चित्रकलेचे शिक्षक शाळाशाळांत आहेत. त्यांना माझी विनंती आहे: येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी शाळेने आपल्या तालुक्याची चार पाने रंगवावीत. तेरा शाळांची पाने एकत्र आली की बुलढाण्याचा पहिला संच पूर्ण होईल. मग तो कपाटात ठेवू नका. त्याच्या छापील प्रती काढा, पोरांना वाटा आणि त्यांना मनसोक्त खेळू द्या.