सुधारणा आवश्यक

२०२४ च्या मे महिन्यात दोन प्रगतिपुस्तकं एकाच टीपॉयवर पडलेली पाहिली. मावसभावंडांची. शाळा वेगळ्या, तालुकेही वेगळे. एक दुसरीत, एक तिसरीत. ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात दोघांच्याही पुढे एकच वाक्य होतं : ‘शालेय उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.’ त्यातली एक मुलगी आहे. तिच्याही पुढे ‘होतो’च.

एका शिक्षक मित्राला विचारलं तर तो हसला. ‘‘अरे, पीडीएफ फिरते ना व्हॉट्सअ‍ॅपवर. विषयवार, रकानावार. वरून खाली उतरवत जायचं.’’ चहा झाल्यावर त्यानंच सांगितलं, की पाटोद्याकडं एक बाई आहेत, त्या पीडीएफला हात लावत नाहीत. म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये, परीक्षा चालू असताना, बीड जिल्ह्यातल्या त्या वाडीत जाऊन पोचलो.

बालाघाटाच्या उतारावरची दोन खोल्यांची जिल्हा परिषद शाळा. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. सरांकडे पहिली-दुसरी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज, बाईंकडे तिसरी-चौथी. ओळख होताच सरांनी पहिली गोष्ट सांगितली ती पटाची. ‘‘तेवीस आहे आमचा पट. विसाच्या वर.’’ वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव २०२३ मध्ये मागवले गेले होते, तेव्हापासून अशा वाड्यावस्त्यांवर विसाचा आकडा कुणाच्या डोक्यातून जात नाही. पुढच्या तासाभरात ‘तेवीस’ मी सरांकडून आणखी तीनदा ऐकलं.

त्या वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा एकाच वेळापत्रकात बसवल्या होत्या. एरवी गावाकडच्या शाळा एप्रिलच्या मध्यालाच पेपर उरकून निकालाला लागत. आता पंचवीस तारखेला शेवटचा पेपर आणि एक मेला निकाल. मधल्या दिवसांत पेपर तपासायचे, तिसरीपासून वरच्या वर्गांचे गुण प्रश्नागणिक चॅटबॉटवर भरायचे, निकालपत्रक करायचं, संचयी नोंदपत्रक भरायचं, केंद्रप्रमुखांची सही आणायची. मुलाबद्दल चार वाक्यं सुचायला वेळ कुठून आणणार? पीडीएफचा राग थोडा निवळला तो इथं.

ही वाक्यं प्रगतिपुस्तकात आली २०१० साली. शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि पाठोपाठ राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. वार्षिक परीक्षेच्या एका दिवसावर मूल तोलू नये, वर्षभर त्याला पाहावं, हा त्यातला विचार. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण या पाहण्याचे, म्हणजे आकारिक; तीस संकलित परीक्षेचे. तिसरी-चौथीला साठ आणि चाळीस. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं सगळं येतं. गुणांची श्रेणी होते, अ-१ पासून ई-२ पर्यंत. आणि श्रेणीच्या शेजारी वर्णनात्मक नोंदी : विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कागदावर याहून शहाणी पद्धत मला सुचणार नाही. पण शहाणपणालाही तास लागतात, आणि ते हिशेबात कुणी धरलेले दिसत नाहीत.

बाईंची वही दोनशे पानी, साध्या पुठ्ठ्याची. प्रत्येक मुलाला चार-पाच पानं. तारीख आणि एखादी ओळ, तीही रोज नाही. ‘आज प्रथमच स्वतः फळ्यापाशी आली.’ ‘हातचा घ्यायला विसरत नाही, मांडायला विसरतो.’ ‘शेजारच्याचं पाहून लिहिते, पण शेजारचा चुकला की थांबते.’ ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. पाहून लिहिणाऱ्या मुलीला शेजारच्याची चूक कळते, म्हणजे गणित तिला येतंय. भरवसा तेवढा नाही. हे शोधायला मुलीच्या मागे उभं राहावं लागतं, आणि तेही शेजारचा चुकण्याची वाट पाहत.

वहीत काही मुलांची पानं दिवाळीपाशी थांबलेली होती. तेवीसातली सात मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली वेगळी. जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड मिळतं. कारखान्याच्या भागातल्या शाळेत ते दाखवायचं आणि तिथं बसायचं, अशी सोय. फड आठवड्याला हलतो, कोप्या हलतात, शाळा जागेवर राहते.

तिसरीतला एक मुलगा मार्चअखेर परतला होता. त्याच्या हमी कार्डावर तिकडच्या एका शाळेचा शिक्का होता, हजेरीचा रकाना कोरा. पुस्तकाचा एक भाग मात्र तो बरोबर घेऊन गेला होता. तेव्हा पाठ्यपुस्तकं चार भागांत यायची, सगळे विषय एकत्र आणि पाठाशेजारी मुलांनी लिहायला कोरी पानं. पुढच्या वर्षीपासून ती पद्धत सरकारनं बंद केली. मुलं त्या पानांवर लिहीतच नाहीत, अशी एक तक्रार होती. या पोरानं लिहिलं होतं. पानभर उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या करून. मी पुस्तक हातात घेतलं तर धुराचा वास आला. जळालेल्या पाचटाचा, चुलीचा, आणि खाली कुठंतरी आंबूस गोड, रसाचा. पुस्तक परत देऊन हात धुतले तरी तो बोटांना राहिला होता.

‘‘काय मोजलंस रे हे?’’

‘‘वाढ्याच्या पेंढ्या. आई बांधायची, मी मोजायचो.’’

उसाचे शेंडे म्हणजे वाढे. तोडीचे पैसे उचलीत आधीच वळते झालेले असतात, रोजच्या मीठमिरचीला पैसा येतो तो गुरांसाठी विकलेल्या या वाढ्यांचा. बाईंनी त्याला माझ्यासमोर विचारलं, ‘‘दोन शेकडे आणि वर चाळीस पेंढ्या. शेकड्याला तीनशे धर. किती झाले?’’ त्यानं वर पत्र्याकडं पाहिलं. ‘‘सातशे वीस. पण घेणारा सातशेच देतो.’’

त्याच्या गणिताच्या लेखी पेपरात गुणाकाराची दोन्ही उदाहरणं कोरी होती.

वाचनाचं वेगळंच. ‘निपुण भारत’ची उद्दिष्टं आहेत, त्यात तिसरीच्या मुलानं समजून घेत मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत असं आहे. राज्यानं ५ मार्च २०२५ पासून त्यासाठी खास कृती कार्यक्रम लावला होता. चावडी वाचनही त्यातलंच, म्हणजे मुलांनी गावासमोर वाचून दाखवायचं. मिनिटाला साठ. सरांच्या टेबलामागे तक्ता लावलेला, त्यावर साठ. बाईंच्या मोबाइलवर स्टॉपवॉच.

ओळीनं मुलं येत होती. चौथीतली एक मुलगी बैलगाडीतून उतरावं तशी वाक्यावरून टुणकन उतरत भराभर वाचून गेली. साठाच्या कितीतरी पुढे; पण काय वाचलंस म्हटल्यावर गप्प. मग हा पोरगा आला. बोट शब्दाखाली, ओठ आधी हलणार आणि आवाज मागून. जोडाक्षर आलं की श्वास धरायचा. मिनीट संपलं तेव्हा बावीस शब्द झाले होते.

‘‘मॅडम, ते घड्याळ बंद करा ना. मग वाचतो.’’

बाईंनी मोबाइल उपडा ठेवला. पोरानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पूर्ण उतारा वाचला. किती वेळ लागला ते कुणी मोजलं नाही. बाहेर खिचडीला बोलावणं आलं, बाकीची ताटं घेऊन पळाली, तो वाचत राहिला. शेवटी त्यानं आपण होऊन उताऱ्यातली एक चूक काढली. त्यातला शेतकरी भर उन्हाळ्यात पेरणी करत होता. ‘‘पाणी कुठून आणलं त्यानं?’’

मला अजूनही तो उपडा मोबाइल आठवतो. नोंद कुठल्या वाचनाची घ्यायची? बाईंनी आकडा बावीसच भरला. ‘‘खोटं कशाला लिहू? साठ नाहीत म्हणजे नाहीत.’’ साठाबद्दल त्यांची तक्रार नाही, हे त्यांनी मला बजावून सांगितलं. आकडा नसता तर हा पोरगा वाचनात किती मागे पडलाय हे कुणाला दिसलंच नसतं, ‘उत्साहाने सहभागी होतो’खाली झाकून गेला असता. मी गेलो होतो आकड्यांवर तोंडसुख घ्यायला, आणि ज्यांच्याकडे गेलो त्याच आकड्याची बाजू घेत होत्या. तरी मला वाटतं ते वाटतंच : बावीस हा आकडा वर पोचेल, त्याचा आलेख होईल, आणि पाणी कुठून आणलं हा प्रश्न या खोलीबाहेर कुठंच जाणार नाही.

पंचवीस तारखेनंतरची दुपार. मुलं नाहीत, पंखा वीज असेल तसा. बाई एकेक प्रगतिपुस्तक उघडत, वहीतलं पान काढत, रकान्यात बारीक अक्षरात उतरवत. रकाना दोन बोटं रुंद. त्या पोराच्या ‘विशेष प्रगती’त त्यांनी लिहिलं : ‘तोंडी हिशेब अचूक. वाचलेल्यावर प्रश्न विचारतो.’ आणि ‘सुधारणा आवश्यक’मध्ये : ‘दिवाळीपूर्वी जोडाक्षरे वाचत होता, आता अडखळतो. पुस्तक घरी द्यावे. एका जागी शाळा हवी.’

केंद्रप्रमुख सहीला आले. निकालपत्रकावर भराभर सह्या केल्या, या नोंदीपाशी थांबले. ‘‘मॅडम, शेवटचं वाक्य मुलाला आहे का आपल्याला?’’ बाई काही बोलल्या नाहीत. केंद्रप्रमुखांनी शिक्का मारला. त्यांच्या गाडीच्या डिकीत अजून बऱ्याच शाळांचे गठ्ठे होते.

एक मेला झेंडावंदन झालं, लिमलेटच्या गोळ्या वाटल्या आणि निकाल सुरू झाला. चौथीपर्यंत कुणाला मागे ठेवत नाहीत, त्यामुळे सगळेच वर्गोन्नत. कायदा बदलल्यानं आता पाचवी-आठवीत पुन्हा थांबवू शकतात; पण ती पायरी या वाडीच्या पुढची, मोठ्या गावातली. पोराचा बाप आला होता. धुतलेला पांढरा सदरा, हाताला ठिकठिकाणी उसाच्या पानांनी कापल्याचे जुने वण.

‘‘पास हाय ना, मॅडम?’’

बाईंनी नोंद वाचून दाखवली, सावकाश, बोट ठेवून. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. ‘‘खरं हाय तुमचं. पण औंदाची उचल घेतलीय मुकादमाकडून. त्याची आई अन् मी, कोयता दोघांचा. याला ठिवायचा कुठं? म्हातारीला दिसत न्हाई.’’

‘‘वसतिगृहाचं मी बघते. तुम्ही जायच्या आधी आठ दिवस मला सांगा. फक्त न सांगता नेऊ नका.’’

‘‘सांगतो,’’ तो म्हणाला. बाईंनी त्याचा मोबाइल नंबर वहीत, पोराच्याच पानावर, लिहून घेतला. गेल्या वर्षीचा नंबर वर खोडलेला होता.

त्याच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना दाखला हवा होता. पाहून लिहिणाऱ्या त्या मुलीचे वडील. जूनपासून तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालणार, गाडी वाडीपर्यंत येते म्हणाले. बाईंनी तिची नोंद त्यांनाही वाचून दाखवली, की हिला येतं, फक्त स्वतःवर विश्वास ठेवायला शिकवा. ते मान हलवत होते, नजर घड्याळावर.

सरांनी दाखल्याचं पुस्तक काढलं आणि लिहिण्याआधी पटाचा हिशेब तोंडानंच केला. तेवीस. चौथीचे पाच पाचवीला गेले, अठरा. ‘पहिले पाऊल’ मेळाव्यात नाव घातलेली दोन येतील, वीस. ‘‘आणि ही गेली,’’ ते बाईंकडे पाहून म्हणाले, ‘‘म्हणजे एकोणीस.’’