कंपनीचा वूफर, बाजारातला स्टिरिओ : वायर तोडण्याआधी एवढं बघून घ्या

तालुका प्रतिनिधी

ऊस गेला, कांद्याची पट्टी हातात आली, की आपल्याकडं गाड्यांचा बाजार गरम होतो. कुणी सेकंडहँड एसयूव्ही घेतो, कुणी पिकअप. गाडी दारात आली की पहिलं काम ठरलेलं, जुना स्टिरिओ काढायचा आणि मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवायचा. दुकानातून घरी येईपर्यंत आनंद असतो. मग लक्षात येतं, गाणं वाजतंय पण दणका गेला. मागच्या सीटखाली किंवा डिकीत कंपनीनं दिलेला वूफर गप्प बसलाय.

दुकानदार सांगतो, "कंपनीचा वूफर ह्याच्यावर चालत नाही, बेस ट्यूब टाकून घ्या." म्हणजे आणखी खर्च, आणि चांगला वूफर भंगारात. बऱ्याच वेळा तो वूफर बिघडलेला नसतो. त्याला नव्या स्टिरिओकडून जे पाहिजे ते मिळत नसतं. आणि ते मिळवून देताना चुकीच्या जागी वायर जोडली, तर बॅटरी उतरते, फ्यूज उडतात, कधी वायरिंग जळतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

वूफर गप्प का होतो?

साध्या गाडीत स्टिरिओच्या मागून निघालेली वायर थेट दाराच्या स्पीकरला जाते. पण गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनी वूफर देते तेव्हा बहुतेक वेळा मध्ये एक वेगळी डबी असते. ती सीटखाली, डॅशबोर्डच्या मागं किंवा डिकीच्या बाजूच्या पत्र्याआड दडलेली असते. ह्या डबीला म्हणतात ॲम्प्लिफायर, आपल्या भाषेत ॲम्प. स्टिरिओ नुसता बारीक आवाजाचा सिग्नल पाठवतो, ॲम्प तो मोठा करून वूफरला देतो.

हा ॲम्प आपोआप चालू होत नाही. विहिरीवरच्या मोटरीला लाइट असली तरी स्टार्टर दाबल्याशिवाय ती फिरत नाही, तसंच हे. ॲम्पला जागं करायला स्टिरिओकडून एक बारीक वायर येते, तिच्यात १२ व्होल्ट आले की ॲम्प चालू होतो. तिला 'रिमोट' वायर म्हणतात. नवा स्टिरिओ बसवताना ही वायर जोडायची राहिली की ॲम्प झोपलेलाच राहतो. वूफर गप्प होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे, आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारंही.

आधी ओळखा : मध्ये ॲम्प आहे की नाही?

ह्यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो. स्टिरिओ काढून ठेवा. मीटर ओहमवर लावा आणि गाडीकडच्या कपलरमध्ये वूफरच्या दोन वायरी मोजा.

- आकडा २ ते ४ च्या आसपास आला, तर वायर थेट वूफरला जाते. मध्ये ॲम्प नाही.
- आकडा खूप मोठा आला किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर मध्ये ॲम्प असण्याची शक्यता जास्त. तुटलेली वायरही असाच आकडा दाखवते, म्हणून सीटखाली आणि डिकीत डबी शोधून खात्री करा.

वूफर स्वतः जिवंत आहे का हे बघायला पेन्सिल सेल घ्या. वूफरच्या मागची वायर काढून त्याच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज येऊन पडदा हलला तर वूफर चांगला. पडदा बाहेर आला तर सेलची प्लस बाजू जिथं टेकली ते वूफरचं प्लस. ही चाचणी फक्त वूफरच्या टोकांवर करायची, ॲम्पकडं जाणाऱ्या वायरीवर नाही.

नव्या स्टिरिओच्या वायरींचे रंग

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओंना हेच रंग असतात :

- पिवळी : थेट बॅटरीचे १२ व्होल्ट, मेमरीसाठी
- लाल : चावी फिरवल्यावर येणारा करंट
- काळी : अर्थिंग
- निळी-पांढरी पट्टी : ॲम्पची रिमोट वायर
- पांढरी : पुढचा डावा स्पीकर, राखाडी : पुढचा उजवा
- हिरवी : मागचा डावा, जांभळी : मागचा उजवा
- ह्याच चार रंगांवर काळी पट्टी असेल तर ती त्या स्पीकरची मायनस

लक्षात घ्या, हे रंग नव्या स्टिरिओचे. गाडीकडून येणाऱ्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. "लाल ती लाल" म्हणून जोडत सुटू नका. आपल्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा बघा, नाहीतर प्रत्येक वायर मीटरनं तपासा.

तीन प्रकार, तीन उपाय

*पहिला : मध्ये ॲम्प नाही.* काही जण वूफर थेट स्टिरिओच्या मागच्या स्पीकरच्या वायरीला जोडतात. वाजतो, पण दम नसतो. खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असलं तरी गाडीच्या बॅटरीवर स्टिरिओचा आतला ॲम्प ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात साधारण २० वॅटच देतो. त्यात वूफर २ ओहमचा असेल तर स्टिरिओवर जास्त ताण येतो आणि तो तापतो. इथं एक लहान मोनो ॲम्प टाकणं बरोबर. घेताना वूफर किती ओहमचा आहे ते सांगा आणि ॲम्प तेवढ्यावर चालतो का ते विचारा.

*दुसरा : कंपनीचा ॲम्प आहे आणि तो साधा सिग्नल घेतो.* हे सगळ्यात सोपं. निळी-पांढरी वायर ॲम्पच्या रिमोटला जोडायची. आवाजासाठी स्टिरिओच्या मागं 'सब' लिहिलेली आरसीए पिन असते, तिथून वायर न्यायची. ह्या पिनेतून २ ते ४ व्होल्टचा बारीक सिग्नल येतो. स्टिरिओला ती पिन नसेल तर स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घ्यावा लागतो, पण थेट नाही. मोठ्या आवाजात स्पीकरच्या वायरीत १० व्होल्टपर्यंत जोर येऊ शकतो. ठिबकच्या नळीला थेट मोटरीचं प्रेशर दिलं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून मध्ये 'लाइन आउटपुट कन्व्हर्टर' नावाची छोटी डबी लावायची, ती जोर कमी करून देते. काही ॲम्प स्पीकरचा सिग्नल थेट घेतात, पण तसं त्या ॲम्पच्या माहितीत लिहिलेलं असेल तरच.

*तिसरा : कंपनीचा ॲम्प डिजिटल आहे.* नव्या महागड्या गाड्यांत जुना स्टिरिओ आणि ॲम्प एकमेकांशी डिजिटल सिग्नलनं बोलतात. ॲम्प चालू कर, आवाज वाढव हे सगळं त्यातूनच जातं. बाजारातल्या स्टिरिओला ती भाषा येत नाही. इथं रिमोटला १२ व्होल्ट देऊन भागत नाही. दोनच रस्ते आहेत. त्या मॉडेलसाठी बनवलेली इंटरफेस डबी मिळत असेल तर ती घ्यायची, नाहीतर कंपनीचा ॲम्प बाजूला ठेवून नवा ॲम्प बसवायचा आणि त्याची वायर थेट कंपनीच्या वूफरला न्यायची. ज्या गाडीत स्क्रीनवरच एसी, रिव्हर्स कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग आहेत, तिथं तर स्टिरिओ न बदललेलाच बरा.

बॅटरी कुठं मरते?

पिकअपवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा. रात्री दोन-तीनला भाजी भरून मार्केटला निघायचं आणि सेल्फ नुसता 'कट कट' करतोय, ह्या वेळी स्टिरिओचं कुणाला सुचत नाही. पण बऱ्याचदा दोष तिथंच असतो.

पहिलं कारण, पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीला देणं. चावी काढली तरी स्टिरिओ बंद होत नाही. दुसरं, रिमोट वायर स्टिरिओला न जोडता कायमच्या करंटला जोडणं. वूफर लगेच वाजतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण ॲम्प रात्रभर जागा राहतो. गाणं बंद असतानाही ॲम्पनं अर्धा ते एक अँपिअर घेतला, तरी दहा तासांत ५ ते १० अँपिअर-तास गेले. बॅटरी जुनी असेल आणि गाडी दोन दिवस उभी असेल तर विषय संपला.

तपासायला सोपं आहे. चावी काढा, पाच मिनिटं थांबा आणि ॲम्पच्या रिमोटवर मीटर लावा. तिथं १२ व्होल्ट दिसले तर जोडणी चुकली आहे.

आग कशी लागते?

२०० वॅट खरे देणारा ॲम्प पूर्ण आवाजात साधारण १८ ते २० अँपिअर ओढतो. हा लोड स्टिरिओच्या पिवळ्या वायरीवर किंवा सिगारेट लायटरच्या वायरीवर टाकला तर फ्यूज उडतो. मग कुणीतरी मोठा फ्यूज टाकतो, नाहीतर फ्यूजला तार गुंडाळतो. आता फ्यूज उडत नाही, वायर तापते. डॅशबोर्डच्या आत ती तापलेली दिसतही नाही.

नवा ॲम्प असेल तर त्याला बॅटरीपासून वेगळी जाड वायर टाका. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजे. वायर पत्र्यातून आत जाते तिथं रबरी बूच पाहिजे, नाहीतर खडबडीत रस्त्यावर पत्र्याची धार वायर कापते आणि थेट शॉर्ट होतो. अर्थिंग रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर बोल्टनं घट्ट करा. अर्थिंग ढिली असली की इंजिनच्या आवाजाबरोबर वूफरमधून 'कुईं' आवाज वाढत जातो.

स्पीकरची मायनस वायर पत्र्याला जोडायची नाही. जुन्या टेपच्या काळात काही ठिकाणी ते चालायचं. आताच्या स्टिरिओत तसं केलं तर त्याचा आतला ॲम्प जळू शकतो.

ट्रकवाल्यांसाठी वेगळी गोष्ट

पिकअप, जीप, ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतात. मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टवर, तिथं १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. १२ व्होल्टचा स्टिरिओ तिथं थेट लावला तर जळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बरेच जण दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढतात. हे करू नका. एकाच बॅटरीतून करंट जातो, पण चार्जिंग दोन्हींना सारखंच होतं. एक कायम उपाशी, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो ॲम्पच्या अँपिअरला पुरेल एवढा घ्या.

काम देताना दुकानात हे सांगा

१. कंपनीचा कपलर कापायचा नाही. आपल्या मॉडेलचा जोडकपलर मागवा. उद्या जुना स्टिरिओ परत बसवायचा झाला तर पाच मिनिटांचं काम.

२. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस काढायची. करंट तपासण्यापुरती जोडायची आणि परत काढायची.

३. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही. तो एअरबॅगचा असतो. तिथं टेस्टिंग बल्ब लावणं म्हणजे एअरबॅग फुटण्याला आमंत्रण.

४. जोड नुसता पिळून टेप मारायची नाही. सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवा.

५. बास बारीक वाटला तर वूफरच्या प्लस-मायनस वायरी उलट करून बघा. आवाज बंद करून मगच. नवा ॲम्प असेल तर त्याचा फिल्टर ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे वूफरमधून फक्त बास येईल, गाण्याचे शब्द नाहीत.

६. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकच्या क्लेमवर वाद होऊ शकतो.

आवाज किती?

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. नियमापेक्षा मोठी गोष्ट रस्त्यावरची. हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आवाज फुल असला की मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येत नाही. वूफर जोडा, पण हॉर्न ऐकू येईल एवढ्यावर ठेवा.

थोडक्यात, आधी डबी शोधा, मग मीटर लावा, मग प्रकार ठरवा. एवढं झालं की वूफर भंगारात टाकायचा की वाजवायचा हे दुकानदार नाही, तुम्ही ठरवाल. काम झाल्यावर गाडी तासभर वाजवा, मग सगळ्या जोडांना आणि फ्यूजला हात लावून बघा. कुठंही गरम लागलं तर गाडी घरी नेऊ नका, तिथंच दुरुस्त करून घ्या.